दुर्बीण आली, आता ताबा घेऊ या

कचेरीत 'ताबा' या शब्दाला फार वजन असते. माल आला, मोजला, तपासला, नोंदवहीत चढवला आणि सही झाली, म्हणजे ताबा मिळाला. तोवर माल दारात उभा असला तरी तो आपला नव्हे. गेला पावसाळा सरल्यावर पेण आणि रोहा येथील आम्ही काही कार्यकर्त्यांनी बारा इंची आरशाची एक मोठी दुर्बीण ताब्यात घेतली. ती दुकानातून आणलेली नाही, सांगून बनवून घेतलेली आहे. ती कशी बनली, कशी आली आणि तिचा खरा ताबा कोणी घ्यायचा, हे समाजबांधवांना व विशेषतः माता-भगिनींना कळावे, म्हणून हा लेख.

दुर्बीण कशाला?

हा विषय बैठकीत निघाला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सरळ विचारले, "पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके मिळत नाहीत आणि तुम्ही चंद्र बघायला निघालात?" प्रश्न रास्त होता. आमचे म्हणणे एवढेच होते, की पुस्तकांचा निधी वेगळा आहे आणि त्याला कोणी हात लावणार नाही. दुर्बिणीसाठी जो देईल त्याच्याकडून महिना पन्नास रुपये घ्यायचे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे कामगार, दोन शिक्षिका, एक एस.टी. कंडक्टर, घरकाम करणाऱ्या काही भगिनी आणि आमच्यासारखे कारकून, अशी ही वर्गणी जमत गेली.

दुसरे कारण घराघरातले आहे. धर्मांतराला इतकी वर्षे झाली, तरी मुलीचे लग्न ठरवताना गुपचूप पत्रिका दाखवणारी घरे आपल्यातही आहेत. 'मुलीला मंगळ आहे' एवढ्या एका वाक्यावर जमलेली सोयरीक मोडते आणि पोर वर्षानुवर्षे घरात बसून राहते. ज्या मंगळाभोवती भारताने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सोडलेले यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी फिरू लागले, तोच हा मंगळ! दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणांची भाकिते आणि शुभाशुभ मुहूर्त सांगून पोट भरण्याला भगवंतांनी हीन विद्या म्हटले आहे. धम्मवंदनेत आपण रोज 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. पाहण्याचे साधन वस्तीत असेल, तर या शब्दाप्रमाणे वागणे सोपे होईल, असे आम्हाला वाटले.

आरसा घासणारे हात

दुर्बीण म्हटले की लांब नळी आणि पुढे भिंग, असे चित्र डोळ्यांपुढे येते. मोठ्या दुर्बिणीत बहुधा भिंगाऐवजी आरसा असतो. तो नळीच्या तळाशी बसतो, वरून आलेला प्रकाश एका ठिकाणी गोळा करतो, वरच्या बाजूचा लहान तिरका आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो आणि तिथे लावलेल्या नेत्रिकेतून आपण पाहतो. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. बारा इंची आरसा सुमारे ३०५ मिलिमीटर रुंद. म्हणजे नुसत्या डोळ्याच्या जवळजवळ १,९०० पट प्रकाश तो गोळा करतो. मोठ्या दुर्बिणीचे मोठेपण यात आहे.

पुण्याजवळच्या एका हौशी कारागिराने हा आरसा हाताने घासला. जाड काचेच्या दोन चकत्या एकीवर एक ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे आणि घासत राहायचे. वरची चकती खोलगट होत जाते, खालची फुगीर. पूड टप्प्याटप्प्याने बारीक करायची. शेवटी डांबराच्या जातीच्या थरावर सिरियम ऑक्साइड लावून चकाकी आणायची. मग तपासणी. ती पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचे शास्त्रज्ञ फूको यांनी काढली. तिला एक बारीक दिवा आणि दाढीचे पाते पुरते. पण त्यातून मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाएवढी चूकही दिसते. चांगल्या आरशात याहून मोठी चूक चालत नाही. अखेरीस काचेवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात.

आमचा आरसा या तपासणीत दोनदा नापास झाला. कारागिराने तो दोन्ही वेळा पुन्हा घासायला घेतला. सांगितलेली मुदत उलटून महिने गेले. आपल्याकडे सार्वजनिक पैशाचे काय होते, हे लोकांनी पाहिलेले असते. 'दुर्बीण कुठे आहे?' हा प्रश्न आधी थट्टेने आला, मग कुजबूज झाली की वर्गणी खाल्ली. पन्नास रुपये देणाऱ्या माउलीला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च आणि शिल्लक विहाराच्या फळ्यावर लिहिण्याचा आमचा रिवाज होता. तो एकदाही चुकला नाही. आगाऊ दिलेल्या रकमेची पावती त्याच फळ्यावर लावली. कारागिराने पाठवलेला नापास आरशाचा फोटोही लावला. कुजबूज थांबली ती या फळ्यामुळे.

पेणमध्ये पेटी उघडली

दुर्बीण टेंपोतून खोपोलीमार्गे पेणला आली. पेणचे नाव गणपतीच्या मूर्तींमुळे देशोदेशी गेले आहे. आपण बौद्ध, त्या मूर्ती आपल्या घरात बसत नाहीत. पण त्या कारखान्यांत माती मळणारे, रंग देणारे आणि खोकी भरणारे काही हात आपल्या वस्तीतले आहेत. नाजूक वस्तू कुठे धरावी, पेंढा कुठे दाबावा, खोके कोणत्या बाजूने उघडावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पेटी त्याच पोरांनी उघडली. आरशाला बोट लागू दिले नाही.

यंत्र दिसायला साधे आहे. पाच फुटांची नळी आणि तिला धरणारी लाकडी पेटी. पेटी गोल फिरते, नळी वरखाली होते, बस्स. ही रचना जॉन डॉब्सन या माणसाने लोकप्रिय केली. ते अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. तिथे राहून त्यांनी टाकाऊ काचा आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांपासून दुर्बिणी केल्या. १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मग ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवू लागले. पदपथावरच्या या आकाशनिरीक्षकांची मंडळी १९६८ मध्ये उभी राहिली. डॉब्सन २०१४ मध्ये वारले. आपली रचना त्यांनी पैशासाठी अडवून धरली नाही, म्हणूनच आमच्यासारख्यांना असे यंत्र परवडले.

पुढेमागे कोणा मंडळाला अशी दुर्बीण घ्यायची झाली, तर ताबा घेताना काय पाहावे ते इथे सांगून ठेवतो. आरसा तिरप्या उजेडात धरून ओरखडे आणि थराचे डाग पाहावेत. नळी हलवून, फिरवून सोडल्यावर ती सोडल्या जागी थांबते का पाहावे. प्रवासात आरसे हलतात, ते पुन्हा एका रेषेत जुळवायला कारागिराकडूनच शिकून घ्यावे. आमच्यापैकी दोन मुली आणि एक मुलगा ते शिकले. नेत्रिका मोजून घ्याव्यात. आमच्याकडे २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन आहेत. आरशाचे नाभीय अंतर १,५०० मिलिमीटर, म्हणजे पहिलीने ६० पट आणि दुसरीने १५० पट मोठे दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे, तारा पाहिल्याशिवाय सही करू नये. दृश्य किंचित धूसर केले की ताऱ्याभोवती गोल कडी दिसतात. ती दोन्ही बाजूंनी सारखी आणि वाटोळी दिसली, तर आरसा चांगला.

त्या रात्री पेणवर ढग होते. टेंपोवाल्याला घाई होती, कारागीरही परतायच्या गडबडीत होता. आम्ही कागद घेऊन बसून राहिलो. अकराच्या सुमारास ढग फाटले, अभिजित नक्षत्राचा ठळक तारा सापडला, कडी वाटोळी दिसली. मग 'माल तपासून ताब्यात घेतला' असे लिहून सह्या केल्या.

रोह्याची पहिली संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी नागोठण्यावरून दुर्बीण रोह्याला आणली आणि विहारापुढच्या मोकळ्या जागेत लावली. शुद्ध अष्टमी जवळ होती. पौर्णिमेला आपण वंदनेला जमतो, पण दुर्बिणीला पौर्णिमेचा चंद्र सोसत नाही. तो समोरून उजळलेला, त्यामुळे सपाट दिसतो. अष्टमीच्या सुमारास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांब पडतात आणि विवरे खोल दिसतात. लहान मुलांसाठी स्टूल ठेवले होते. धाटावची दुसरी पाळी सुटल्यावर कामगारही डबे घेऊन सरळ रांगेत आले, तेव्हा चंद्र मावळतीला टेकला होता.

त्याआधी रांगेतून एक आजी सारखी बाजूला होत होती. "पोरांना बघू दे रे, मला काय कळतंय त्यातलं," असे म्हणत होती. नातीने हाताला धरून तिला पुढे आणले. आजीने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "हाच का तो? ह्याला गिराण लागलं की माझी आय टोपली घेऊन दारोदार फिरायची. फाटकं लुगडं, जुनं धान्य, जे कोण वरून टाकील ते."

नव्या पिढीला हे सांगितले पाहिजे. ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिराण' अशी हाक देत महार-मांग वस्तीतल्या माणसांनी गावात फिरायचे आणि गावाने ग्रहणाची पीडा म्हणून टाकाऊ वस्तू त्यांच्या टोपलीत टाकायच्या, अशी रूढी महाराष्ट्रात होती. चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली, पण तिचा विटाळ आपल्या माणसांच्या पदरात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वस्त्यांनी असली कामे टाकून दिली. आजीच्या आईची टोपली तेव्हाच सुटली. ती ज्यासाठी फिरत होती तो चंद्र मात्र आजीने पहिल्यांदाच नीट पाहिला. आजीने दोनदा रांग लावली.

पुण्याची दुर्बीण, जेसोरचा कारकून

मोठी दुर्बीण महाराष्ट्रात येण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये दिलेली ५,००० रुपयांची देणगी आणि तेवढीच सरकारी भर यांतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची तिथली वीस इंची दुर्बीण अनेक वर्षे देशात सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा अभ्यास नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकून केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

याच १८८८ साली ११ मे रोजी मुंबईत जोतीराव फुले यांना जनतेने 'महात्मा' पदवी दिली. पुण्यात स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांना खुला केला त्याला तेव्हा वीस वर्षे झाली होती. एकाच शहरात एक हौद आणि एक दुर्बीण. हौदावर आपली माणसे गेली. पण दुर्बिणीपर्यंत आपल्या वस्तीतले किती पोर पोचले असेल? आपला माणूस होता तिथेच राहिला आणि चोवीस वर्षांत दुर्बीण उचलून दुसरीकडे गेली. नायगमवालांच्या विद्वत्तेला आम्ही वंदन करतो. पण एका माणसाच्या निवृत्तीबरोबर वेधशाळा मिटते, तेव्हा ती लोकांच्या ताब्यात कधी आलीच नव्हती, असे म्हणावे लागते.

दुसरे उदाहरण अविभाजित बंगालमधल्या जेसोरचे. राधागोविंद चंद्र तिथल्या सरकारी खजिन्यात नोकरीला होते. शालेय प्रवेश परीक्षा नापास झालेले. १९१० चा हॅलेचा धूमकेतू पाहून त्यांना वेड लागले, १९१२ मध्ये त्यांनी विलायतेहून तीन इंची दुर्बीण मागवली. ज्यांचे तेज कमीजास्त होते अशा रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी ते रात्रीमागून रात्री करत आणि अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेला पाठवत. त्या नोंदी इतक्या चोख, की १९२६ मध्ये संघटनेने सहा इंची मोठी दुर्बीण जहाजाने त्यांच्या खेड्यात पाठवून दिली. १९५४ पर्यंत त्यांनी ३७,००० हून अधिक नोंदी केल्या. पुढे ती दुर्बीण वेणू बाप्पू या थोर शास्त्रज्ञांकडे गेली आणि शेवटी तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत पोचली. पदवी नसलेल्या एका नोकरदाराने नोंदवहीच्या जोरावर एवढे मिळवले. नोंद ठेवणे हे आम्हा कारकुनांचे रोजचे काम. त्याला कमी लेखू नये.

तळे खुले होते, तरीही

आपला रायगड म्हणजे जुना कुलाबा जिल्हा. याच जिल्ह्यात महाड आहे. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे कागदावर सर्वांना खुले केले होते. पण कागद खुला असून कोणाची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. खुले असणे आणि आपले होणे यांत तळ्याच्या पायऱ्यांचे अंतर असते आणि ते आपल्याच पायांनी चालावे लागते.

विज्ञानाचे आज तसेच आहे. 'तुम्हाला आकाश पाहायला बंदी आहे' असे कोणी म्हणत नाही. पण हैदराबाद केंद्रीय विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. १७ जानेवारी २०१६ रोजी त्याने आपले जीवन संपवले आणि हे स्वप्न त्याच्या शेवटच्या पत्रातच राहिले. आंबेडकरी चळवळीतला तो पोरगा ताऱ्यांवर लिहू पाहत होता. त्याच्या नावाने आपण मोर्चे काढले, ते काढायलाच हवे होते. पण त्याला जे लिहायचे होते ते लिहिणारी मुले आपल्या वस्तीतून निघाली पाहिजेत, हेही काम आपलेच आहे. ज्या मुलीने पेणला आरसे जुळवायला शिकून घेतले, ती आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. घरच्यांचा विचार कला शाखेचा होता.

पुढची व्यवस्था

दुर्बीण एक महिना पेणला, एक महिना रोह्याला राहील. ती दोघांनी मिळूनच उचलायची. महिन्यातून दोन संध्याकाळी कार्यक्रम होईल. शुद्ध अष्टमीला वंदनेनंतर विहारापाशी चंद्र दाखवू. अमावास्येजवळच्या शनिवारी गावाबाहेर जायचे, कारण धाटाव, नागोठणे आणि डोलवीकडच्या कारखान्यांच्या उजेडात मंद वस्तू दिसत नाहीत. अमावास्येला बाहेर पडू नये म्हणणाऱ्या घरांनी तर जरूर यावे. आकाश पाहायला तीच रात्र सर्वांत चांगली.

त्या रात्री अभिजितजवळचा कंकणाच्या आकाराचा तेजोमेघ दाखवू. धुराच्या पुसट कड्यासारखा तो दिसतो. तो सुमारे २,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो भगवान बुद्ध चारिका करत होते त्या सुमारास तिथून निघालेला आहे. मंगळ सोयीच्या जागी आला की तोही मुद्दाम दाखवू. नारिंगी टिकलीएवढा तो ग्रह कोणाच्या लेकीची सोयरीक कशी मोडतो, हे ज्याचे त्याने पाहून ठरवावे.

दोन गोष्टी कडक पाळायच्या आहेत. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. योग्य गाळणीशिवाय क्षणभर पाहिले तरी डोळा कायमचा जातो. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आरसा काढून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवायचा. आपली दमट, खारी हवा त्याच्या थराला मानवत नाही.

विहारात एक नोंदवही ठेवली आहे. कोणी, कोणत्या तारखेला, काय पाहिले, एवढे तिच्यात लिहायचे. लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल, शेजारचे पोर मजकूर लिहील. पेणच्या पावतीवर आमच्या सह्या आहेत, पण त्या केवळ माल मिळाल्याच्या. नोंदवहीत आतापर्यंत १४३ नोंदी झाल्या आहेत आणि त्यांत बायकांच्या फक्त ३१. हा आकडा आम्हाला पसंत नाही. येत्या अष्टमीला चुलीवरचे काम घरातल्या पुरुषांनी बघावे आणि माता-भगिनींनी रांगेत पुढे उभे राहावे.

जयभीम!